तीन वाणांची पेन्शन

भोये भाऊसाहेबांना साधा प्रश्न विचारला तरी ते उत्तर तीन प्रतींत देत. जव्हारला तालुक्याच्या कचेरीत चौदा वर्षं रोजंदारीवर आणि एकोणीस वर्षं कायम काढलेल्या माणसाला ही खोड लागते, तिच्यावर औषध नाही. निवृत्तीच्या कागदांत 'वर्षासनाचा प्रकार निवडा' असं लिहून खाली चौकोनांची रांग होती. दुसरा कोणी असता तर पहिल्या चौकोनात खूण करून, सही ठोकून चहाला गेला असता. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि फॉर्म घरी आणला.

आता हे वर्षासन म्हणजे काय ते मी एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका. नव्या पेन्शनवाल्याची पगारातून कापलेली रक्कम निवृत्तीला गोळा होते. त्यातले शंभरातले साठ हातात मिळतात आणि चाळीस विमा कंपनीला द्यावेच लागतात. त्या बदल्यात कंपनी मरेपर्यंत दरमहा काहीतरी देत राहते. साहेब लोक हिला ॲन्युइटी म्हणतात. ती एका जातीची नसते. एक जात फक्त तुम्ही जिवंत असेतोवर चालते आणि मुद्दल तुमच्याबरोबर जातं, म्हणून तिचा हप्ता जाड. दुसरी तुमच्यामागे बायकोला मिळत राहते आणि शेवटी मुद्दल मुलांच्या हाती येतं, म्हणून तिचा हप्ता बारीक. तिसरी आज पैसे घेते आणि दहा वर्षांनी उगवते. आणि एकदा निवडलं की बदल नाही. सरकारं बदलतात, साहेब बदलतात, हा चौकोन बदलत नाही.

भाऊसाहेब मूळ साखरशेतचे. त्यांच्या बापाने शेतात कधी एकच भात लावलं नाही. वरच्या हलक्या जमिनीत हळवं, मधल्या पट्टीत निमगरवं, खाली पाणी साचतं तिथे गरवं. पाऊस लवकर पळाला तर हळवं हाती लागतं, लांबला तर गरवं भरतं, आणि काहीच धड झालं नाही तर मधलं असतंच. भाऊसाहेबांनी ठरवलं की पेन्शनही तीन वाणांची लावायची. हा विचार त्यांना स्वतःलाच इतका आवडला की तो त्यांनी त्याच संध्याकाळी कुंपणापलीकडच्या तुका मास्तरांना ऐकवला. इथे घोटाळ्याला सुरुवात झाली.

तुका मास्तर जुन्या पेन्शनचे. जुनी पेन्शन म्हणजे काही निवडायचं नाही, काही भरायचं नाही, दर महिन्याला आपोआप खात्यात पडते आणि महागाई वाढली की तीही वाढते. भाऊसाहेब कायम झाले ते नवी पेन्शन लागू झाल्यावर चौथ्या महिन्यात. त्या चार महिन्यांची आठवण मास्तर गेली एकोणीस वर्षं दर महिन्याला करून देत आले होते, तेही अगदी हळहळून.

"हेमंता, आमाला डोकंच चालवावं लागलं नाय बघ," मास्तर म्हणाले. "चुकलंच तुझं. जरा लवकर कायम व्हायचं होतंस."

जसं काही भाऊसाहेब तेव्हा झोपून राहिले होते! पण मास्तरांनी कागद मागितला. आतून लाल पेन आणलं, भाऊसाहेबांची सगळी आकडेमोड तपासली, दोन ठिकाणी गोल केला आणि खाली 'दहापैकी चार' असं लिहून सही केली.

"मुख्य आकडाच नाय ह्यात," ते म्हणाले. "तू जगणार किती? लवकर जाणार असशील तं जाड हप्ता घे. उशिरा जाणार असशील तं दहा वर्षांनीवाली लाव. आधी ते नक्की कर, मग मला दाखव."

भाऊसाहेब दुखावले. पण मुद्दा बरोबर होता. फॉर्मात तो रकाना नव्हता, एवढीच फॉर्मवाल्यांची माणुसकी.

खानदानात कोण किती जगलं हे बघावं म्हणून ते रविवारी साखरशेतला गेले. मे महिना, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले, माणसं मोकळी. चुलतभाऊ लक्ष्याच्या ओट्यावर बघता बघता वीसेक जण जमले. विषय भाऊसाहेबांच्या मरणाचा आहे म्हटल्यावर आणखी दहा आले.

पहिला प्रश्न, भाऊसाहेबांचा बाप सोम्या किती वर्षांचा होऊन गेला. सोमवारी जन्मला हे नक्की, नावातच आहे. साल कोणाला पाहिजे होतं? एक म्हातारा म्हणाला, टोळधाड आली तेव्हा सोम्या ढोरं राखत होता. दुसरा म्हणाला, छे, तेव्हा तो झोळीत होता, मी स्वतः झोका दिलाय. ह्या दोघांच्या भांडणात सोम्याचं मरणाचं वय बावन्नपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत कुठेही बसत होतं. खुद्द भाऊसाहेबांचा जन्मही एक जूनचा, कारण शाळेत नाव घातलं त्या दिवशी गुरुजींना तीच तारीख जवळ दिसली. साखरशेतच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो आणि तो कोणीच साजरा करत नाही.

"कागद जाऊ दे, दादा," लक्ष्या म्हणाला. तो दहा वर्षं भिवंडीत हमाली करून आलेला, व्यवहाराचा माणूस. "टेन्शन नको घेऊ. माणूस समोर हाय ना? बघून सांगू."

मग त्यांनी भाऊसाहेबांना ओट्यावर उभं केलं. एकाने डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. टोळधाडवाल्या म्हाताऱ्याने त्यांची पोटरी दाबली, बाजारात बोकड घेताना दाबतात तशी, आणि जाहीर केलं, "वजन हाय, पाय नाय." कोणी म्हणालं साठ. कोणी पंचाहत्तर म्हणालं, पण त्याला भाऊसाहेबांकडून दाखला करून घ्यायचा होता म्हणून, असं लक्ष्याने लगेच दाखवून दिलं. शेवटी हात वर करून सदुसष्ट ठरलं. भाऊसाहेबांनी हरकत घेतली तर लक्ष्या समजुतीने म्हणाला, "अडसष्ट घे चल. तुझं नको, माझं नको."

"आन् वहिनीचं?" मागून कोणीतरी विचारलं.

ह्यावर मात्र मतभेद झाला नाही. "ती? ती नव्वदीपर्यंत हलत नाय," सगळं गाव एका सुरात म्हणालं.

घरी येऊन भाऊसाहेबांनी हा वृत्तांत बायकोला, पुष्पलताबाईंना, सांगितला. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी देठ बाजूला काढत शांतपणे विचारलं, "म्हणजे तुमी अडसष्टाला गेलात तं मी पुढं सव्वीस वर्षं काय खायचं?"

भाऊसाहेबांनी त्यांना तीन वाण समजावले. पुष्पलताबाई भात लावत वाढलेल्या, त्यांना समजायला वेळ लागला नाही. समजलं ते असं की, भाऊसाहेब बहुतेक सगळी रक्कम जाड हप्त्यात, म्हणजे स्वतः जिवंत असेतोवरच्या जातीत घालणार होते.

"तुमी गेलात की कणगी रिकामी."

"आपला मुलगा आहे ना, नीलेश."

"नीलेश बोईसरला भाडं भरून दमलाय. त्याची बायको मला वाढेल, पण मी मागणार नाय." पुष्पलताबाई उठल्या. "माझं नाव कुठल्या चौकोनात हाय ते दाखवा. मग सही करा. नायतर हा कागद चुलीत जाईल, सांगून ठेवते."

पुष्पलताबाई फार बोलत नाहीत. त्यामुळे त्या बोलल्या की ते होतं, असा पस्तीस वर्षांचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी दोघं विमा एजंट लाडक्याकडे गेले. लाडक्याच्या दुकानात मोबाइलचं रिचार्ज, छत्र्यांची दुरुस्ती आणि माणसांचं भविष्य अशी तीन कामं होत. नवराबायकोच्या जोडपेन्शनचा दर काढायला त्याने दोघांची आधार कार्डं घेतली, संगणकात आकडे घातले आणि थांबला.

"भाऊसाहेब, आईचं कार्ड नको. वहिनींचं द्या."

"ते तिचंच आहे," भाऊसाहेब बारीक आवाजात म्हणाले.

लाडक्याने कार्ड पाहिलं, पुष्पलताबाईंकडे पाहिलं, परत कार्ड पाहिलं. जन्म एक जानेवारी एकोणीसशे चव्वेचाळीस. वय वर्षं एक्याऐंशी.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. पुष्पलताबाईंचं माहेर वांगणी, तिथे जायचं म्हणजे वावर गावापर्यंत बस आणि पुढे पाय. भाऊसाहेबांनी डोकं लढवून आधारवरची तारीख मागे सरकवून घेतली. कोणता कागद लावला ते आपण विचारू नये, कचेरीतला माणूस आहे. पंचाहत्तर पुरे होते, पण काठावर कशाला, म्हणून तीन वर्षं वर टाकली. तेव्हापासून पुष्पलताबाई एसटीत तोंडावर पदर ओढून, कमरेत वाकून चढत आणि वावरला उतरल्यावर सरळ होत. पुढच्याच वर्षी बायकांना अर्धं तिकीट झालं. म्हणजे एवढ्या उपद्व्यापातून नक्त लाभ झाला तो अर्ध्या तिकिटाचा. शिवाय कागदावर त्या आपल्या सख्ख्या आईहून, चैतीबाईंहून, चार वर्षांनी थोरल्या झाल्या.

"बदलून टाका ना मग," लाडक्या म्हणाला. "खरं वय काय?"

"चौपन्न," पुष्पलताबाई ताडकन म्हणाल्या. "आई अजून हाय माझी, तिला विचार."

पण जन्मतारीख बदलायची संधी माणसाला एकदाच मिळते, आणि ती भाऊसाहेबांनी एसटीवर खर्च केली होती.

पुष्पलताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की लाडक्याने उगाचच एक छत्री उघडून बंद केली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "भाऊसाहेब, एक बोलू? ही जोडपेन्शन सोडा. वहिनींच्या एकटीच्या नावाने घ्या. तुमच्या वयाला शंभरामागे वर्षाला सात मिळतात. एक्याऐंशीच्या माणसाला पंधरा. कंपनीला वाटतं, आता किती दिवस राहिले!"

भाऊसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. नव्वदीपर्यंत न हलणारी बाई आणि एक्याऐंशीचा दर! छत्तीस वर्षं पंधरा टक्के! अर्ध्या तिकिटाची चोरी त्यांना एकदम दूरदृष्टी वाटू लागली. तिथल्या तिथे तीन वाण ठरले. सक्तीचे चाळीस टक्के स्वतःच्या नावावर जाड हप्त्यात, ते हळवं. हातात येणाऱ्यातला मोठा वाटा पुष्पलताबाईंच्या नावावर, ते निमगरवं. उरलेली चिमूट दहा वर्षांनी उगवणाऱ्या जातीत, ते गरवं. गावाने दिलेल्या अडसष्टात ते गरवं जेमतेम लोंबीवर येत होतं, पण भाऊसाहेबांनी गावाचा निकाल अमान्य केला.

"हे खोटं नाय का?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"आपण कुठे काय बोलतोय? सरकारच म्हणतंय एक्याऐंशी."

"पैसे माझ्या खात्यात येणार?"

"नावालाच गं."

"आन् मी मेले तर?"

"तर बंद. मुद्दलही गेलं," लाडक्या म्हणाला.

पुष्पलताबाईंनी थोडा विचार केला. "द्या पेन," त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांना त्या वेळी आनंदाच्या भरात हा विचार काय असेल असा प्रश्न पडला नाही.

फंडाची रक्कम हातात पडायला दिवाळी आली, आणि मग कंपनीने नवीन खुसपट काढलं. ऐंशीपुढच्या माणसाला व्हिडिओवर बघितल्याशिवाय पॉलिसी देत नाहीत. नेमकं त्या आठवड्यात जव्हारात तीन दिवस नेट बंद. लाडक्या म्हणाला, गावाबाहेर शिरपामाळाच्या टेकडीवर रेंज येते. मुदत त्याच दिवशी संपत होती, तेव्हा दुपारी चारला वरात निघाली. पुढे पुष्पलताबाई, मागे फोन घेतलेला लाडक्या, त्याच्या बऱ्याच मागे भाऊसाहेब. वाटेत ते मागूनच ओरडून सूचना देत होते. वाक, सावकाश बोल, मधेमधे खोकत जा.

"खोकणार नाय," पुढून उत्तर आलं. "धडधाकट बाई हाय मी."

वर नाशिककडचे पर्यटक फोटो काढत होते. रेंज नेमकी ते उभे होते तिथेच येत होती. फोन लागला. पडद्यावर कंपनीच्या प्रतिभा मॅडम. लाडक्याने फोन धरला तेव्हा समोर आले ते घामाने निथळणारे, छातीला हात लावलेले भाऊसाहेब.

"आजोबा, आधी बसा तुम्ही," मॅडम घाबरून म्हणाल्या. "पाणी प्या. घाई नाही. आजी आल्यात का? मागे उभ्या आहेत त्या सूनबाई ना?"

"मीच ती," पुष्पलताबाई पुढे झाल्या.

मॅडमनी अर्ज पाहिला. "पुष्पलता हेमंत भोये. तुमचं वय किती?"

भाऊसाहेबांनी खालून पदर ओढला. पुष्पलताबाईंनी तो सोडवून घेतला. "तुमच्या कागदात काय हाय?"

"एक्याऐंशी."

"मग कागदाला विचारा. मला कशाला?"

मॅडम हसल्या. आमच्याकडे लोकांना माणसापेक्षा कागदाचा आदर जास्त, आणि मॅडमही आमच्यातल्याच. कार्ड जुळलं, चेहरा कार्डाशी जुळला, बाई जिवंत आहे हे दिसलं. त्यांनी खूण केली आणि सहज विचारलं, "आजी, तब्येत फार छान ठेवलीत हो. खाता काय?"

"नागली," पुष्पलताबाई म्हणाल्या. "आन् ह्यांचं डोकं."

पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. एक्याऐंशी वर्षांची बाई डोंगर चढून आली म्हटल्यावर त्यांना देवाचाच साक्षात्कार झाला. बायका पाया पडल्या. एकीने नागलीची, म्हणजे नाचणीची, पाककृती विचारून व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी जव्हारात नेट सुरू झालं आणि नेटवरून पहिल्यांदा आलं ते हेच. तुका मास्तरांनी कुंपणावरून फोन दाखवला. "हेमंता, मी हिच्या लग्नात जेवलोय. तेव्हा ही शेहेचाळीस वर्षांची होती काय रं?" ज्येष्ठांच्या एका मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. नाही कसं म्हणणार, कागद होता. पुष्पलताबाई खऱ्याखुऱ्या ऐंशीच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत बसल्या आणि शेजारची म्हातारी तीनदा विचारत राहिली, "पोरी, तू कुणासोबत आलीस?"

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला पैसे आले. भाऊसाहेबांच्या खात्यात बरे आले. पुष्पलताबाईंच्या खात्यात त्याच्या दुपटीहून जास्त आले. भाऊसाहेबांनी एटीएम कार्ड मागायला हात पुढे केला. पुष्पलताबाईंनी कार्ड बटव्यात ठेवलं आणि बटवा कमरेला खोचला. एका अक्षराचं भांडण झालं नाही.

खरं संकट पुढेच होतं. आपल्या घरात येणाऱ्या पैशांचा मोठा भाग बायकोच्या श्वासावर चालतो, हे भाऊसाहेबांना आता कळलं. ते आधीही माहीत होतं, पण कळणं वेगळं. त्यांनी तिच्या हातून पाण्याचा हंडा काढून घेतला. माळ्यावर चढायला बंदी केली. सर्पण तोडायला माणूस लावला. दवाखान्यात नेऊन सगळ्या तपासण्या करवल्या. डॉक्टरांनी केसपेपरवरचं एक्याऐंशी वाचलं, मान वर न करता हाडांच्या गोळ्या, हातात काठी आणि कंबरेला पट्टा लिहून दिला. पुष्पलताबाईंनी काठी अंगणात रोवली आणि तिच्यावर वालाचा वेल चढवला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याने त्यांना सकाळी चहा करून दिला. त्यात साखर नव्हती, साखर तब्येतीला वाईट म्हणून.

"हेमंता, वहिनी शिंकल्या," कुंपणापलीकडून मास्तर ओरडत. "ऐकलंस काय? दोनदा!" आणि हा बाबा हातातलं टाकून स्वयंपाकघरात धावे.

एकदा पुष्पलताबाईंना खरंच ठसका लागला. भाऊसाहेब वाफाऱ्याचं भांडं घेऊन उभे. तेव्हा त्या म्हणाल्या, "नीलेशच्या वेळी मी तीन महिने खोकत होते. तुमी तेव्हा रेडिओ मोठा करायचात." भाऊसाहेबांनी भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. भांड्यातून वाफ येत राहिली.

जानेवारीत दुसरा हप्ता आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पलताबाई माहेरी गेल्या. 'वांगणीला जाते, नागली झोडायची हाय' एवढा निरोप शेजारी ठेवला होता. एक आठवडा गेला, दोन गेले. वांगणीत फोन लागत नाही. भाऊसाहेबांना घाटातली वळणं दिसू लागली. वावरच्या पुढची वाट, ओढा, जनावर, पडकी भिंत, काय काय दिसू लागलं. मास्तर रोज विचारायचे, "वहिनी गेल्या का?" आणि मग दचकून, "म्हंजे माहेरी रे."

पंधराव्या दिवशी भाऊसाहेब निघाले. बायको फुकट गेली होती त्या बसला ह्यांनी पूर्ण तिकीट काढलं. वावरला उतरून दोन तास चालायचं होतं. लग्नानंतर ह्या वाटेने ते मोजून तीनदा आले होते, एका लग्नाला आणि दोन मयतांना. अर्ध्या वाटेत ओढ्यातल्या दगडावरून पाय घसरला आणि ते पाण्यात बसले. चप्पल तुटली. अंग ठणकलं. वर-खाली कोणी दिसत नव्हतं. ते बराच वेळ तसेच बसून राहिले, मग उठले आणि एका पायात चप्पल घालून चालू लागले.

वांगणीला पोचले तर अंगणात खळं चाललेलं. पुष्पलताबाई कमरेला पदर खोचून काठीने नागलीची कणसं झोडत होत्या. शेजारी भाऊ बारक्या आणि त्याची बायको. दारात म्हाताऱ्या चैतीबाई. भाऊसाहेब चमकले, कारण बारक्याचं बिऱ्हाड दर वर्षी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातं आणि पावसाआधी परततं. यंदा दोन पोरं दप्तरं घेऊन शाळेतून घरी येत होती.

पुष्पलताबाईंनी काठी थांबवली. ओला लेंगा पाहिला, उघडा पाय पाहिला.

"मला न्यायला आलात का पेन्शनला?"

बारक्याने मान खाली घातली. भाऊसाहेबांनी बसमध्ये एक वाक्य जुळवलं होतं, तुझ्या तब्येतीची काळजी वाटली म्हणून. ते तोंडात आलं, पण बाहेर काढायची त्यांना लाज वाटली.

"घरून निघालो तो पेन्शनला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? बसमध्ये पण तेच डोक्यात. मग ओढ्यात पडलो. तिथं कोणी नव्हतं. मला वाटलं, इथंच गेलो तर तुला कळायला दोन दिवस लागतील. आणि कळल्यावर तू रडशील का नाय, ते मला सांगता येईना. एवढी वर्षं झाली, आणि सांगता येईना. म्हणून मग उठून आलो."

पुष्पलताबाईंनी पदराने तोंडावरचा कोंडा पुसला.

"रडले असते," त्या म्हणाल्या. "थोडं."

मग त्यांनी दुसरी काठी उचलून नवऱ्याच्या हातात दिली. "दोन महिन्यांचे पैसे बारक्याला दिले. दिवाळीलाच तसं कबूल केलं होतं, म्हणून तो यंदा भट्टीवर गेला नाय, पोरं शाळेत हायत. पुढल्या महिन्यापासून निम्मे इथं येतील. विचारत नाय, सांगते."

भाऊसाहेबांच्या मनात आलं की मुद्दल माझं, कष्ट माझे, आणि ही योजना तर सगळीच माझी. आणखीही पुष्कळ आलं. समोर ती उभी होती, कोंड्याने माखलेली, घामेजलेली, चांगली ठणठणीत.

"बरं," ते म्हणाले.

"काय बोललात?"

"बरं बोललो."

पुष्पलताबाईंनी ते त्यांच्याकडून तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणवून घेतलं, कारण आईला ऐकू कमी येतं.